कायरोप्रॅक्टिक, मुले आणि अपायांचे दप्तर

एखादे औषध बाजारात आले म्हणजे त्याच्यामागे दप्तराची मोठी यंत्रणा उभी राहते. ते कोणत्या कारखान्यात तयार झाले, कोणत्या बॅचमधले आहे, ते घेतल्यावर कोणाला पुरळ उठले आणि कोणाला भोवळ आली याची विचारपूस करणारे एखादे खाते बहुतेक देशांत असते, आणि त्या खात्याचा कारभार कितीही संथ असला तरी तक्रार कोठे गुदरावी याचा निदान ठावठिकाणा तरी लोकांना सांगता येतो. परंतु जो उपचार बाटलीत भरता येत नाही, जो एका माणसाच्या तळहातातून दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यात क्षणार्धात उतरतो आणि मागे चिठ्ठी, वेष्टन वा क्रमांक यांपैकी काहीच ठेवीत नाही, त्याच्यापासून झालेल्या अपायाची नोंद कोणी, कोठे आणि कशी ठेवावी, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. त्यातही रुग्ण जर तीन महिन्यांचे तान्हे मूल असेल, ज्याला आपली मान दुखते एवढेही सांगता येत नाही, तर त्या प्रश्नाला वेगळेच गांभीर्य प्राप्त होते. कायरोप्रॅक्टिक या पद्धतीने मुलांवर केल्या जाणाऱ्या उपचारांच्या सुरक्षिततेकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. कारण या उपचाराने फार मुलांना इजा होते असे कोणी सिद्ध केलेले नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की फार दिवस कोणी नीट विचारलेलेच नव्हते.

या पद्धतीचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या डेव्हनपोर्ट गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर हे चुंबकीय उपचार करणारे गृहस्थ. त्यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या, इमारतीत झाडलोटीचे काम करणाऱ्या आणि कित्येक वर्षे कानाने अधू असलेल्या माणसाच्या पाठीतील एक मणका दाबून जागेवर बसविला आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. श्रवणाची नाडी कानापासून मेंदूपर्यंत कवटीच्या आतच जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या कथेचा आधार किती दुबळा आहे ते कळून येते. तथापि पामर यांनी तिच्यावरून असा सिद्धांत मांडला की बहुतेक सर्व रोगांचे मूळ मणक्यांच्या स्थानभ्रंशात असते. पुढील शतकात या व्यवसायाने विद्यालये काढली, कायद्याची मान्यता मिळविली, अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये परवान्याची सनद संपादन केली, आणि त्यातील पुष्कळ व्यावसायिकांनी मूळ सिद्धांत बाजूला ठेवून आपले काम पाठदुखी व मानदुखी यांपुरते मर्यादित केले. प्रौढांच्या कंबरदुखीत या हस्तोपचाराचा थोडाफार उपयोग होतो, हे वैद्यकानेही मान्य केले आहे. मुलांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांना आणले जाते ते बहुधा पाठ दुखते म्हणून नव्हे, तर पोटशुळाने रात्रभर रडते म्हणून, कान वारंवार दुखतो म्हणून, दम्यासाठी, अंथरुणात लघवी होते म्हणून, आणि कधी कधी तर काहीच झालेले नसताना केवळ प्रकृती उत्तम राहावी म्हणून. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २०१२ साली ४ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ३.३ टक्के मुलांवर वर्षभरात कायरोप्रॅक्टिक किंवा ऑस्टिओपॅथीचा हस्तोपचार झाल्याचे आढळले. टक्केवारी लहान दिसते, परंतु एवढ्या मोठ्या देशात तिचा अर्थ लाखो मुले असा होतो.

आता ज्या कण्यावर हा हात पडतो तो कणा कसा असतो ते पाहू. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकंदर लांबीच्या सुमारे एक-चतुर्थांश असते, आणि एवढा भार पेलणारे मानेचे स्नायू अगदी कोवळे असतात. मणके पुरते हाडाचे झालेले नसतात. त्यांचे काही भाग अजून कूर्चेचे असतात, आणि मानेच्या दुसऱ्या मणक्यातून वर आलेला जो दंतासारखा भाग पहिल्या मणक्याला आस पुरवितो, तो मूळ मणक्याशी हाडाने सांधला जाण्यास सहा-सात वर्षांचे वय उजाडावे लागते. मणक्यांमधील छोटे सांधे प्रौढांत उतरते असतात म्हणून एक मणका दुसऱ्यावरून सहसा घसरत नाही. तान्ह्या मुलात ते जवळजवळ आडवे असतात, आणि त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. मान वाकते तेव्हा प्रौढाच्या बाबतीत तिच्या हालचालीचा मध्य पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या पातळीवर असतो, तर तान्ह्या मुलात तो दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांच्या आसपास, म्हणजे श्वासोच्छ्वासाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांच्या अगदी निकट येतो. या सर्व रचनेचा एक परिणाम असा की बाळाचा कणा बराच ताणला जाऊ शकतो, परंतु आतील मज्जारज्जूला तेवढा ताण सोसत नाही. म्हणून मुलांत असा प्रकार घडतो की क्ष-किरण चित्रात सर्व मणके जागच्या जागी दिसावेत आणि मज्जारज्जूला मात्र इजा झालेली असावी. अपायाचा शोध घेणाऱ्याने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे, कारण चित्र स्वच्छ आले एवढ्यावरून चौकशी मिटविली तर ती अपुरी राहील. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेचे पहिले दोन मणके मुळातच अस्थिर असतात, आणि त्यांच्या मानेला झटका देणे हे उघड धोक्याचे आहे.

तान्ह्या मुलांवर उपचार करणारे कायरोप्रॅक्टर असे सांगतात की प्रौढाला देतात तसा झटका ते बाळाला देतच नाहीत. बोटाच्या टोकाने हलकासा दाब देतात, त्याहून अधिक काही नाही. पुष्कळांच्या बाबतीत हे खरे असावे, आणि न्यायबुद्धीने ते मान्य केले पाहिजे. परंतु येथेच नोंदीची पहिली अडचण उभी राहते: एकाच नावाखाली बोटाचा हलका स्पर्शही येतो आणि मान ताणून, पिळून दिलेला वेगवान झटकाही येतो, कोणाच्या हाताने किती बल लावले याचा दाखला कोठेही राहात नाही. गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात, तशी मात्रा तळहातावर लिहिलेली नसते.

मुलांच्या कण्यावरील हस्तोपचाराने झालेल्या अपायांचा पहिला पद्धतशीर आढावा कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या बालरोगतज्ज्ञ सुनीता व्होरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तोवर छापील वैद्यकीय वाङ्मयात जे जे उपलब्ध होते ते धुंडाळून त्यांना प्रत्यक्ष अपायाची १४ प्रकरणे सापडली. त्यांपैकी ९ गंभीर होती, आणि त्यांत मेंदूच्या आवरणाखाली झालेला रक्तस्राव व शरीराचा खालचा भाग लुळा पडणे यांसारखे भयंकर परिणाम होते. परंतु या आढाव्यातील जो भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो अप्रत्यक्ष अपायांचा आहे. अशी २० प्रकरणे त्यांना आढळली, म्हणजे प्रत्यक्ष इजेहून अधिक; आणि त्यांत हाताने कोणतीही जखम केली नव्हती. मुलाला मधुमेह होता, किंवा न्यूरोब्लास्टोमा नावाचा बालवयातील कर्करोग होता, किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह झालेला होता, आणि त्या रोगाचे निदान होण्याऐवजी कण्यावर उपचार चालू राहिले. मेंदूच्या आवरणाला दाह झालेल्या मुलाची मान ताठ होते. ती ताठ मान हे रोगाचे चिन्ह आहे की मणक्याचा दोष, हे ओळखण्यात गेलेला प्रत्येक तास मोलाचा असतो, आणि कित्येकदा तो तास परत मिळत नाही.

२०१५ साली दुसऱ्या एका गटाने हाच शोध पुन्हा घेतला, तेव्हा त्यांना १५ गंभीर प्रकरणे मिळाली. त्यांत तीन मृत्यू होते. त्यांपैकी एकही कायरोप्रॅक्टरच्या हातून झाल्याची नोंद नव्हती; एक भौतिकोपचार करणाऱ्याच्या, एक क्रेनिओसेक्रल नावाचा, कवटी व कणा हाताने हलके दाबण्याचा उपचार करणाऱ्याच्या आणि एक अज्ञात उपचारकाच्या हातून झाला होता. उरलेल्या १२ गंभीर इजांपैकी ७ कायरोप्रॅक्टरच्या उपचारानंतर झाल्या होत्या. बहुतेक प्रकरणांत वेगाने दिलेला, मान मागे ताणणारा वा पिळणारा झटका होता, आणि बहुसंख्य मुलांच्या अंगी आधीपासूनच काही ना काही लपलेला रोग होता. या तपशिलावरून दोन गोष्टी निघतात. एक, हा प्रश्न एकाच व्यवसायाच्या माथी मारण्यासारखा नाही. मुलाच्या कण्यावर हात ठेवणारा जो जो आहे, त्याच्याकडे हीच विचारणा झाली पाहिजे. दुसरी, ज्या मुलांना सर्वाधिक धोका असतो ती बाहेरून निरोगी दिसणारी, पण आतून आजारी असलेली मुले असतात. आणि ती ओळखण्यासाठी वैद्यकीय तपासणीच हवी, हस्तकौशल्य कितीही असले तरी ते तेथे पुरे पडत नाही.

आता एखादा वाचक म्हणेल, साऱ्या जगातून, इतक्या वर्षांतून चौदा-पंधरा प्रकरणे निघाली, तर उपचार सुरक्षितच म्हणायचा की! हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो, आणि या व्यवसायाच्या बाजूने तो वारंवार मांडलाही गेला आहे. त्यातील दोष असा की हा आकडा अपायांचा नसून छापल्या गेलेल्या अपायांचा आहे. एखाद्या मुलाला इजा झाली, आईबापांनी ती ओळखली, इस्पितळात नेले, तेथील वैद्याने विचारले, संबंध जोडला, तो लिहून काढण्यास वेळ काढला, आणि एखाद्या संपादकाने तो लेख स्वीकारला, इतक्या पायऱ्या चढल्यावर एक प्रकरण वाङ्मयात दाखल होते. शिवाय एकंदर किती मुलांवर किती उपचार झाले हा छेद जोवर ठाऊक नाही, तोवर वरच्या अंशावरून प्रमाण काढता येत नाही.

औषधांच्या बाबतीत जगाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाने गर्भावर होणारे भीषण परिणाम १९६१ साली जर्मनीत विडुकिंड लेंझ यांनी आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी उघडकीस आणले, तोवर हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली होती. त्यानंतर १९६४ साली ब्रिटनने पिवळ्या कार्डाची योजना काढली. औषधाने अपाय झाल्याचा संशय आला तरी वैद्याने ते कार्ड भरून धाडावे, सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, असा तिचा आशय होता. भारतातही २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू असून त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. एवढे असूनही आपखुशीने पाठविलेल्या नोंदींवर विसंबणाऱ्या या पद्धतीतून किती निसटते याचा २००६ साली आढावा घेतला गेला, तेव्हा दुष्परिणामांपैकी सरासरीने ९४ टक्के कोठेच नोंदले जात नाहीत असे दिसून आले. जेथे सरकार, कारखानदार, वैद्य आणि औषधविक्रेते अशा चार बाजूंनी डोळे लागलेले असतात तेथे ही अवस्था, तर बंद खोलीतील दोन हातांच्या उपचाराची काय असेल!

ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांनी स्वतःहून एक अपायनोंद पद्धत चालविली आहे, जिच्यात आपले नाव न देता घडलेला प्रसंग कळविता येतो; हे पाऊल निश्चितच स्तुत्य आहे. परंतु आपखुशीच्या नोंदीला एक मूळचीच मर्यादा असते, आणि ती व्यावसायिकाच्या अप्रामाणिकपणातून आलेली नसते. ज्या मुलाला उपचारानंतर त्रास झाला त्याचे आईबाप पुन्हा त्याच दारी बहुधा जात नाहीत. ते दुसरीकडे जातात. ज्यांना बरे वाटले तेच परत येतात, आभार मानतात, शेजाऱ्याला पत्ता देतात. म्हणजे उपचारक मनापासून सांगतो की माझ्या हातून कोणाला कधी इजा झाली नाही, आणि तो खोटे बोलत नसतो. त्याच्यापुढे फक्त अर्धाच पुरावा येत असतो. इकडे ज्या इस्पितळात ते मूल दाखल होते तेथे 'गेल्या चार दिवसांत बाळाच्या मानेला वा पाठीला कोणी हात लावला होता का' हा प्रश्न इतिहास घेताना सहसा विचारला जात नाही, आणि आईलाही तो सांगण्याजोगा वाटत नाही. दोन्ही टोकांकडून धागा तुटतो.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. मोठा माणूस उपचारानंतर डोके दुखते म्हणाला तर ते नवे लक्षण आहे हे कळते. बाळापाशी सांगण्याची साधने म्हणजे रडणे, चिडचिड करणे, दूध न पिणे, न झोपणे, अधिक झोपणे. आणि नेमक्या याच तक्रारींसाठी त्याला उपचाराला आणलेले असते. अशा वेळी उपचारानंतर ते रडले तर तो अपाय मानावा की मूळचाच पोटशूळ, हे उपचारानंतर विचारून ठरत नाही. उपचारापूर्वी ते किती रडत होते, किती पीत होते, याची नोंद आधीच करून ठेवलेली असेल तरच नंतरच्या नोंदीला अर्थ येतो.

हाच विचार व्होरा यांच्या पुढाकाराने कॅनडात सुरू झालेल्या 'सेफ्टीनेट' या उपक्रमाच्या मुळाशी आहे. त्यात व्यावसायिकाने वाटल्यास कळवावे अशी वाट न पाहता, येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला उपचारापूर्वी आणि उपचारानंतर ठराविक प्रश्न विचारले जातात, आणि मुलांच्या बाबतीत ते पालकांना विचारले जातात. या दोन रीतींची प्रत्यक्ष तुलना २०२० साली 'बीएमजे ओपन क्वालिटी'मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांवर उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटाने प्रत्येक पालकाला विचारले, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे स्वतःला योग्य वाटेल तेव्हा कळविले. पहिल्या गटात अपायाचे प्रमाण ८.८ टक्के निघाले, दुसऱ्यात ०.१ टक्का. उपचार तोच, व्यवसाय तोच, मुले त्याच वयाची. फरक एवढाच की एका ठिकाणी विचारले आणि दुसऱ्या ठिकाणी विचारले नाही. या ८.८ टक्क्यांत दुखरेपणा, थकवा, चिडचिड अशा तात्पुरत्या तक्रारीही मोडतात, आणि त्यांतील प्रत्येक तक्रार उपचारानेच झाली असेही नाही. म्हणून या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ०.१ या आकड्यावर ज्यांनी आजवर सुरक्षिततेची ग्वाही दिली, त्यांच्या ग्वाहीला काय किंमत राहिली, याचा विचार वाचकांनीच करावा.

शांतवन करणारे आकडे कसे वाचावेत याचे आणखी एक उदाहरण घेण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथील कायरोप्रॅक्टिक विद्यालयाच्या शिकाऊ दवाखान्यातील तीन वर्षांखालील मुलांच्या कागदपत्रांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ६९७ मुलांवर ५,२४२ उपचार झाले होते, आणि फक्त ७ पालकांनी काही त्रास झाल्याचे सांगितले होते. गंभीर इजा एकही नव्हती. पाहणी प्रामाणिक आहे यात संदेह नाही. पण जी घटना एकदाही दिसली नाही ती किती विरळ असू शकेल, याचा संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: पाहिलेल्या व्यक्तींच्या संख्येने तीनला भागावे, म्हणजे शंभरात पंच्याण्णव वेळा खरा दर ज्याच्या आत राहील अशी वरची सीमा मिळते. ६९७ मुलांत एकही गंभीर इजा नाही, याचा अर्थ खरा दर शून्य आहे असा होत नाही. तो २३२ मुलांत एक इतकाही असणे या पुराव्याशी विसंगत नाही. आणि जी इजा लाखात एका मुलाला होत असेल, ती एकदा तरी दृष्टीस पडेल अशी खात्री बाळगण्यासाठी सुमारे तीन लाख मुलांची नोंद हवी. असे काम एका दवाखान्याचे नाही, एका विद्यालयाचेही नाही. त्यासाठी अनेक देशांतील नोंदी एका नमुन्यात भरून एकत्र आणाव्या लागतील.

शासनसंस्थेने या प्रश्नात हात घातला म्हणजे काय घडते याचा अनुभव ऑस्ट्रेलियाने घेतला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया राज्यात दोन आठवड्यांच्या बाळावर उपचार करतानाचे एक चित्रीकरण सर्वत्र पसरले. त्यात बाळाला पाय धरून उलटे लोंबकळत धरलेले दिसत होते. राज्याच्या आरोग्यमंत्री जेनी मिकाकोस यांनी चौकशीची मागणी केली, आणि मार्च महिन्यात देशाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने असा अंतरिम ठराव जाहीर केला की स्वतंत्र तज्ज्ञांचा अहवाल येईपर्यंत दोन वर्षांखालील मुलांच्या कण्यावर हस्तप्रयोग करू नये. 'सेफर केअर व्हिक्टोरिया' या संस्थेकडे चौकशी सोपविण्यात आली. तिने शास्त्रीय पुराव्याची छाननी करविली, तक्रारींचे दप्तर तपासले, आणि जनतेकडून मते मागविली. वीस हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे पाठविली, आणि मुलांना उपचारासाठी नेलेल्या पालकांपैकी बहुतेक सर्वांनी समाधान व्यक्त केले. वर्षाच्या अखेरीच्या सुमारास आलेल्या अहवालाचे तात्पर्य असे होते की देशात गंभीर अपायाचे पुरावे फारच थोडे आढळले, परंतु लाभाचा पुरावाही अत्यंत दुबळा आहे. आणि लाभ जेथे संशयास्पद आहे तेथे विरळ, सौम्य अपायही वजनात धरला पाहिजे. बारा वर्षांखालील मुलांच्या कण्यावर निव्वळ प्रकृतिस्वास्थ्यासाठी, अथवा पोटशूळ, दमा, कानाचा संसर्ग, अंथरुणात होणारी लघवी, स्वमग्नता इत्यादींसाठी हस्तप्रयोग करू नये, अशी शिफारस त्यात होती. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात मंडळाने आपले धोरण बदलून दोन वर्षांखालील मुलांवरील निर्बंध उठविला. तो बदल उजेडात आल्यावर देशाच्या व राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी तीव्र नापसंती दर्शविली, आणि २०२४ च्या जूनमध्ये मंडळाला निर्बंध पुन्हा अंमलात आणावा लागला. पाच वर्षांत निर्बंध आला, गेला, परत आला. माझ्या मते या ओढाताणीचे कारण एकच: कोणत्याही पक्षाच्या हाती मोजलेल्या नोंदींचे भरभक्कम दप्तर नव्हते, आणि जेथे मोजमाप नसते तेथे एका चित्रफितीने किंवा हजारो समाधानी पत्रांनी धोरण हलते. ही पत्रे खोटी नव्हती. पण समाधान ही सुरक्षिततेची नोंद नव्हे.

लाभाच्या बाजूविषयी थोडक्यात सांगतो. पोटशुळाचे रडणे सहा आठवड्यांच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप शमते. तेव्हा या काळात केलेला कोणताही उपचार यशस्वी ठरल्याचा भास होतो. नॉर्वेत ८६ बाळांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कोणत्या बाळावर काय केले हे पालकांना न कळविता, काही बाळांवर उपचार केला आणि काहींना परिचारिकेने नुसते धरून ठेवले. दोन्ही गटांतील बहुसंख्य बाळे सुधारली आणि उपचाराचा म्हणून वेगळा फायदा दिसला नाही. कॅनडात १९९८ साली दमा असलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्षही तसाच होता. म्हणून अपायाचे पारडे हलके असले तरी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

आपल्याकडे या विषयाचा संबंध कितपत येतो? भारतात कायरोप्रॅक्टिकला स्वतंत्र कायद्याने नियमन करणारी परिषद नाही, आणि म्हणून परवाना, तक्रार, चौकशी यांपैकी कशाचीही या व्यवसायापुरती निश्चित वाट नाही. तरी मुंबई-पुण्यात हे उपचार उपलब्ध आहेत, आणि मणक्यांचा कडकड आवाज ऐकविणाऱ्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या आहेत. न्हाऊ घालणाऱ्या बाईने तेल लावून बाळाचे अंग हलक्या हाताने रगडणे आणि मानेच्या मणक्याला झटका देणे या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या सवयीने दुसरीविषयी निर्धास्त होणे योग्य नाही. मेलबर्न, सिडनी वा टोरांटो येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हा प्रश्न अगदी दारचा आहे; तेथे नोंदणीकृत व्यावसायिकाविरुद्ध नियामक मंडळाकडे तक्रार करण्याची सोय आहे, आणि संशय आल्यास ती बिनदिक्कत वापरावी.

ज्यांना आपल्या मुलाला अशा उपचारासाठी न्यावेसे वाटते त्यांनी प्रथम बालरोगतज्ज्ञाकडून रोगाचे निदान करून घ्यावे. ताप, ताठ मान, सुस्ती, वजन घटणे, सतत तहान लागणे यांपैकी काहीही असेल तर कण्याच्या उपचाराचा विचारही करू नये. मानेला वेगाने पिळणे वा मागे ताणणे यास स्पष्ट नकार द्यावा. उपचारापूर्वीचे आणि नंतरच्या आठवड्याचे बाळाचे रडणे, पिणे व झोप एका वहीत टिपून ठेवावी, आणि काही वावगे वाटल्यास ती वही घेऊन थेट इस्पितळात जावे. आणि वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना, विशेषतः इंडियन अकॅडमी ऑफ पेडिएट्रिक्सच्या सभासदांना, अशी विनंती आहे की मुलाच्या केसपेपरवर एक रकाना वाढवावा: गेल्या पंधरा दिवसांत मुलाच्या मानेवर किंवा पाठीवर कोणी मालिश, झटका वा अन्य हस्तोपचार केला होता काय, आणि केला असल्यास कोणी. त्या रकान्याला पैसा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही, आणि तो उद्याच्या बाह्यरुग्ण विभागापासून सुरू करता येईल.